चुलीवर कापूस

ता. ९ जानेवारी १८६५, सोमवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. अकोल्याच्या कचेरीत आठ महिने बिनपगारी उमेदवारी केली तेव्हा साहेब रोज लिहायचा. मोठी माणसं लिहितात. वही दोन वर्षं कोरी पडली होती, कारण टाइम नव्हता. आता टाइम भरपूर आहे.

परिस्थितीचा रिपोर्ट. यंदा सगळ्या वावरात पऱ्हाटी लावली. ज्वारी नाही, तूर नाही. घरामागे आमच्या मंडळींचे, म्हणजे माणिकबाईचे, वांगी-मिरच्यांचे चार वाफे होते, तेही नांगरून कापूस केला. अमेरिकेत लढाई चालू आहे, तिथला कापूस विलायतेला पोचत नाही, म्हणून विलायतेला एकदम वऱ्हाड दिसायला लागलं आहे. गावातल्या सगळ्यांनी कापूस गाड्यांत भरून अमरावतीला नेला आणि विकून ते मोकळे झाले. मी विकला नाही. अमरावतीचे दलाल भगवंतराव माझ्या कानाशी लागून म्हणाले, होळीपर्यंत थांबा, भाव दुप्पट होतो. ही गोष्ट त्यांनी फक्त मला सांगितली.

कापूस घरात भरला. आधी कोठीची खोली, मग माजघर, मग अर्धी ओसरी. तरी उरला, म्हणून स्वयंपाकघर. आता कापूस आणि विस्तव एका घरात नांदत नाहीत हे शेंबडं पोरही सांगेल. मी चुलीवर घागरभर पाणी ओतलं आणि वर कापूस रचला. एवढ्यावरून माणिकबाई रागावली. म्हणाली, सासूनं हाती दिलेला विस्तव होता, चौदा वर्षं रोज राखेखाली झाकला, रोज सकाळी फुंकून जागा केला, एक दिवस विझू दिला नाही. मी समजावलं की विस्तव सगळा सारखाच असतो. काल तिचा भाऊ खुशालराव दमणी घेऊन आला आणि ती बार्शीटाकळीला माहेरी गेली.

दोन कोसांवर तर आहे. चार दिवसांत येते.

ता. १२ जानेवारी. संक्रांत.

आज येणार हे नक्की होतं. सवाष्ण बाई वाण आपल्याच घरी लुटणार. दारात वाट पाहत बसलो. आली नाही. बहुतेक दमणीचा बैल लंगडत असेल.

तिळगूळ करायला विस्तव नाही. एका गालात तीळ ठेवले, एका गालात गूळ. तोंडात एकत्र झाले. तिळगूळ म्हणजे तरी दुसरं काय असतं?

ता. २० जानेवारी, शुक्रवार.

बारा दिवस झाले, मी घराबाहेर नाही. गावात चिलीम ओढणारे सत्तावीस लोक आहेत. एक ठिणगी पुरे. ड्युटी सोडता येत नाही. विहिरीवर आंघोळ करतो तीही दाराकडे तोंड करून. झोपायला ओसरीवर दीड हात जागा आहे. कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागतं. कापूस नाकात, कानात, दुधात. खरं लिहितो, जीव गुदमरतो.

पण विचार केला. लोक देव शोधायला रानावनात जातात. माझ्यावर देवानेच घरात बसायची वेळ आणली, म्हणजे देव घरातच भेटणार. गृहस्थाश्रमासारखा आश्रम नाही. सबब ठराव: (१) पहाटे उठणे. (२) झाडलोट स्वतः. (३) पूजा. (४) रोज एक पदार्थ स्वतः रांधणे आणि त्यात आनंद मानणे. या अनुभवावर पुस्तक लिहायचं. नाव ठरलं, ‘गृहानंद’.

माणिकबाई परत येईल तेव्हा तिला शिकवता येईल.

ता. २१ जानेवारी.

उशिरा उठलो. झाडलोट करता येत नाही, झाडलं की कापूस उडतो. देव्हारा स्वयंपाकघरात आहे, त्याच्यापुढे छतापर्यंत कापूस. बाहेरून अंदाजाने नमस्कार केला. श्रद्धेला भिंत आड येत नाही. नंतर पार्बताबाई म्हणाली की मी गोठ्याकडे तोंड करून उभा होतो.

पार्बताबाई म्हणजे शेजारच्या मळ्यातल्या नत्थुजी माळ्याची बायको. नत्थुजी दर बाजाराला भाजीची गाडी घेऊन बार्शीटाकळीला जातो. माणूस चांगला, पण दिवसाला पाच-सहाच शब्द बोलतो.

ता. ३ फेब्रुवारी, शुक्रवार.

पदार्थ रांधण्याचा ठराव अमलात आणला. अंगणात, घरापासून चाळीस पावलं मोजून, तीन दगडांची चूल मांडली. पार्बताबाईकडून गोवरीवर विस्तव मागून आणला. वरणाचं आधण ठेवलं. फुंकर मारली. एक ठिणगी उडाली आणि घराच्या दिशेने निघाली. मी हंड्यासकट सगळं पाणी चुलीवर ओतलं, मग बैलाच्या डोणीतलं पाणी, मग ताक. ठिणगी वाटेतच विझली होती.

पार्बताबाई कुंपणापलीकडून पाहत होती. म्हणाली, “शेषराव, ज्या घरातून धूर निघत नाही त्या घराले लोकं काय समजतेत, ठाऊक हाय ना तुमाले?” मी म्हटलं, शहाणं घर समजतात. ती भाजीला पाणी द्यायला गेली. बाईमाणूस आहे, दुसऱ्याची प्रगती बघवत नाही.

ठराव बदलला. बिनविस्तवाचा स्वयंपाक. भिजवलेले हरभरे, कांदा, गूळ, दूध. ‘गृहानंद’ पुस्तकात याचं स्वतंत्र प्रकरण होईल.

ता. ९ फेब्रुवारी.

सहा दिवस हरभरे. पोटात गृहानंद होत नाही.

पण आज चमत्कार झाला. नत्थुजी बाजारातून आला आणि एक कडीचा पितळी डबा ओसरीवर ठेवला. आत ज्वारीच्या चार भाकरी, पिठलं, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. कोणी दिलं, विचारलं. म्हणाला, “एका बाईनं देल्लं.” आणि गेला.

म्हणजे माझ्या व्रताची कीर्ती बार्शीटाकळीपर्यंत गेली. कोणीतरी भाविक बाई असणार. आणि पिठलं काय सांगावं! मऊ, पण धार धरणारं, लसणाचा अगदी नेमका हात. माणिकबाईला चौदा वर्षांत असं जमलं नाही. ती आली की म्हणेन, बाई गं, त्या बाईकडे चार दिवस शिकून ये.

ता. १६ फेब्रुवारी.

डबा या बाजाराला नत्थुजीने रिकामा नेला. भरून परत आला.

ता. २४ फेब्रुवारी. शिवरात्र.

उपास. उपास माझ्या प्रकृतीला मानवतो असं दिसतं, कारण आज काही करावं लागलं नाही.

नत्थुजीला सहज विचारलं की बार्शीटाकळीत आमची मंडळी कधी दिसतात का. म्हणाला, दिसते. बारीक झाली का? म्हणाला, नाही. माझी काही विचारपूस? तो म्हणाला, “इचारते का जेवते का म्हून.” बघा. दीड महिन्यात तिला माझ्यात दुसरं काही विचारण्यासारखं वाटलं नाही.

ता. १२ मार्च. होळी.

सकाळपासून गावात लाकडं रचलेली. संध्याकाळी छपरावर ओलं घोंगडं पांघरून बसलो, बाजूला पाण्याच्या अकरा घागरी. गावातला प्रत्येक जण होळीचा विस्तव घरी नेऊन चुलीतल्या विस्तवात घालतो. खालून सगळी गल्ली गोवरीवर विस्तव घेऊन चालली होती. प्रत्येक दारात पुरणाचा वास. मी वरून ओरडत होतो, जरा लांबून जा, लांबून जा. लोक वर पाहायचे आणि मान हलवून जायचे.

आमच्या चुलीत होळीचा विस्तव माणिकबाई नेऊन ठेवायची तेव्हा मला हाक मारून दाखवायची. मी कधी गेलो नाही. कचेरीतले कागद वाचत असायचो. आज छपरावर बसून ते एकदम आठवलं आणि वाईट वाटलं. भाव दुप्पट झालेला नाही. भगवंतरावांना पत्र पाठवलं.

ता. २२ मार्च.

भगवंतरावांचं उत्तर: आता पाडव्यापर्यंत थांबा. ही गोष्ट फक्त मला कळवत आहेत. नत्थुजी म्हणतो, आसपासच्या गावांत कापूस ठेवणाऱ्या सगळ्यांनाच तसं पत्र आलं आहे. त्याला वाचता येत नाही, त्याला काय कळणार.

ता. २८ मार्च. पाडवा.

आज अपघात. गुढीची काठी स्वयंपाकघरात, देव्हाऱ्यामागे. श्रद्धेचा प्रश्न होता. दारातल्या ढिगात खालून बोगदा करून आत शिरायचं ठरवलं. रेल्वेची लाईन टाकणारे साहेब डोंगरातून असाच बोगदा काढतात. कोपरापर्यंत गेलो, कमरेपर्यंत गेलो, काठीला हात लागला आणि वरचा कापूस बसला.

अंधार. तोंडात कापूस. हात पुढे, पाय बाहेर. ओरडलो तर आवाज माझा मलाच ऐकू येईना. किती वेळ गेला ठाऊक नाही. तिथे, खोटं कशाला लिहू, देवाला हाक मारली नाही. माणिकबाईला मारली.

नत्थुजीने पायाला धरून ओढून काढलं. पहिल्या ओढीत धोतर आलं, दुसऱ्या ओढीत मी. काठी आली नाही. गुढी उभारली नाही. गावात आमच्याच एका दारात गुढी नव्हती, ती दिसून दिसून किती जणांना दिसणार?

ता. ८ एप्रिल, शनिवार.

उन्हाळा पेटला. डोक्यातल्या तेलात कापूस बसून त्याचा नमदा झाला होता, मिशांचे तर सूत काढायचे पेळू. न्हाव्याला घरी बोलावलं आणि म्हटलं, सगळं काढ. तो थबकला. “मिशीबी?” म्हणाला. मी म्हटलं, मिशी आधी. तो बराच वेळ वस्तरा धरून उभा राहिला, मग अगदी हलक्या हाताने केलं. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि सुपातले दाणे न घेताच गेला.

किती गार वाटतं.

ता. १० एप्रिल, सोमवार.

विलक्षण घडतं आहे. काल सकाळी खालच्या आळीतले चौघे जण आले. ओसरीवर बसले. कोणी काही बोललं नाही. अर्ध्या घटकेने उठले, एकाने खांद्यावर हात ठेवला. मागून त्यांच्या बाया आल्या, टोपलीत भाकरी आणि हंडीत पिठलं ठेवून डोळ्यांना पदर लावून गेल्या.

आज सकाळी आणखी तीन घरचं आलं. संध्याकाळी दोन.

मी समजलो. तीन महिने माणूस चूल न पेटवता, मुंडन करून, मौनात घरात बसतो. लोकांना दिसतंच ना. व्रताचं तेज लपत नाही.

ता. १४ एप्रिल.

भक्ती वाढते आहे. जेवण दोन्ही वेळचं. सगळीकडून पिठलं-भाकरीच येते, गोडधोड कोणी आणत नाही. माझ्या साधेपणाचा मान ठेवतात. मी पण थोडा गंभीर राहतो, हळू बोलतो. भांडी ओसरीच्या कोपऱ्यात रचून ठेवली आहेत. रिकामी भांडी परत करायची नसतात आणि भरायला माझ्याकडे काही नाही, म्हणून राहिली आहेत.

माणिकबाईचंही सगळे नाव काढतात. फार चांगली बाई, म्हणतात. अशी बाई मिळत नाही. ही गोष्ट ती इथे होती तेव्हा कोणी बोललं नव्हतं. मी पण म्हणतो, खरं आहे, आता घर खायला उठतं. मग ते रडतात.

ता. १७ एप्रिल.

बाळापूरकडचे लांबचे नातलग चंद्रभानजी मुद्दाम आले. बराच वेळ जमिनीकडे पाहत बसले. मग म्हणाले की घराला बाई पाहिजे, शेषराव, वरीस सरलं की बोलू, माझी भाची आहे, हाताला चव आहे.

माझ्यावरची श्रद्धा इतकी की पोरगी द्यायला निघाले. मी नम्रपणे म्हटलं की माझी ना नाही, पण आधी माणिकबाईला विचारावं लागेल, ती परत आली की निवांत विचारतो. चंद्रभानजी ताडकन उठले. जोडे हातात घेऊनच गेले.

ता. २२ एप्रिल, शनिवार.

आज कोणी आलं नाही. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. मोजून पाहिलं, भक्ती बरोबर तेरा दिवस टिकली. लोकांच्या श्रद्धेचं असंच असतं.

पुन्हा हरभरे.

ता. २५ एप्रिल.

नवी कल्पना. वऱ्हाडातलं ऊन फुकट जातं. ओट्यावरचा काळा दगड दुपारी असा तापतो की पाय टेकत नाही. त्यावर भाकरी का भाजू नये? पीठ मळून थापली. पहिली तुटली, दुसरी तुटली, तिसरीला भाकरी म्हणता येईल. दगडावर टाकून सावलीत बसलो. दोन प्रहरांत वरून पापुद्रा धरला. तीन चतुर्थांश भाजली असं धरायला हरकत नाही. उलटायला गेलो तर दगडासकट आली. कुत्र्याला घातली. त्याने वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

या बाजारालाही कडीचा डबा आला. भाविकांमध्ये ती एकच बाई शेवटपर्यंत टिकली. या खेपेला आंबाडीची भाजी होती. मी जेवता जेवता रडलो. मिरची तिखट होती.

ता. २८ एप्रिल. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.

आखाजीला लेकी माहेरी असतात. सबब माणिकबाई माहेरी आहे हे रीतीला धरूनच आहे. आजच्या दिवसापुरती मी तिला मनातून परवानगी दिली.

खालच्या आळीतली म्हातारी पाण्याने भरलेली घागर आणि वर खरबूज घेऊन आली. आखाजीला घागर भरतात ती गेलेल्या माणसांच्या नावाने. म्हणाली, तुमच्या घरी आता कोण भरणार, म्हणून मीच भरली. मला वाटलं, माझ्या आईच्या नावाची. आई जाऊन बारा वर्षं झाली, तरी लोक आठवण ठेवतात. खरबूज गोड निघालं.

ता. ४ मे, गुरुवार. दुपार.

माणिकबाई आली.

ज्या शब्दांत झालं त्याच शब्दांत लिहितो. बार्शीटाकळीच्या बाजारात आमच्या गावची एक बाई तिच्यासमोर आली, हातातली टोपली टाकली आणि किंचाळत पळाली. दुसरीने पुढे होऊन माणिकबाईच्या पायाला हात लावून पाहिला. तेव्हा तिला कळलं की तिला मरून महिना होत आला. गावात तिची तेरा दिवस चूनभाकर झाली, म्हणजे सुतकाच्या घरी शेजारी पिठलं-भाकरी पोचवतात ती. आखाजीला घागरही भरली गेली.

दोन कोस उन्हातून पायी आली. वेशीवर माणसं दोन्ही बाजूंना पांगली. अंगणात येऊन उभी राहिली. माझं डोकं पाहिलं. ओठ पाहिला. कोपऱ्यात रचलेली भांडी पाहिली.

“मी जिती असून माह्या मौतीचं चून खाल्लं तुमी?”

मला तेव्हा कुठे सगळं उमगलं. चूल बंद, मिशी नाही, गुढी नाही, बाई दिसत नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं की खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं.

“वाढलं असन. पण काढू कुठी ते?”

मी म्हटलं, लोक मूर्ख आहेत, गावात एकाला विचारायची अक्कल नाही. ती म्हणाली, “लोकाईचं काई चुकलं नाही. चूल इझली तवाच घरवाली मेली. त्याईले समजलं, तुमाले नाही समजलं.”

ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. नत्थुजीच्या मळ्यात जाऊन बसली. जाताना सांगून गेली की चुलीपर्यंत वाट होईल तेव्हा आत येईन, नाहीतर उद्या-परवा खुशालराव दमणी घेऊन येतो आहे, मग कधीच नाही.

ता. ५ मे, शुक्रवार.

मळ्यात जाऊन तिला मार्केटची परिस्थिती समजावून सांगितली. आणखी फक्त चार दिवस. ती पार्बताबाईबरोबर आंबाडी निवडत होती. नत्थुजीला म्हटलं, अरे, तू तरी लोकांना सांगायचंस ना ती माहेरी आहे म्हणून. तो म्हणाला, “मले कोणी इचारलंच नाही.”

घरी आलो. इतकं मोठं घर, आणि मला बसायला दीड हात. आजवर वाटायचं मी कापसाची राखण करतो. आज वाटलं, कापूसच माझी राखण करतो आहे. मला भीती वाटली. लोक रडत होते तेव्हा त्यांच्याबरोबर मी का रडलो नाही, हेही आठवून लाज वाटली. मी जेवत होतो.

ता. ६ मे, शनिवार.

सकाळी भगवंतरावांचं पत्र आलं. अमेरिकेतली लढाई संपली. भाव कोसळला. आता कापसाला कोणी विचारत नाही. तरी दिवाळीपर्यंत थांबावं, ही गोष्ट फक्त मला कळवत आहेत.

कापूस बाहेर काढायचा ठराव केला. हा निर्णय पत्रामुळे नाही. निर्णय मी काल संध्याकाळीच घेतला होता, फक्त वहीत लिहायचा राहून गेला.

ता. ८ मे, सोमवार.

दोन दिवस नत्थुजी आणि मी कापूस उपसतो आहोत. गाड्या भरल्या, मिळेल त्या भावाने द्यायला अमरावतीला गेल्या. मी बरोबर गेलो नाही. मला तो रस्ता पाहायचा नव्हता.

देव सापडले. अंगभर कापूस चिकटून म्हातारे दिसत होते. खाली चूल सापडली. तडे गेलेली, आणि तिच्या पोटात राखेवर उंदरांनी घर केलेलं, पाच पिल्लं. चार महिन्यांत या घरात संसार तेवढा त्यांनीच केला.

माणिकबाई आत आली. पिल्लं सुपात घेऊन तिने गोठ्यात नेऊन ठेवली. चुलीचे तडे मातीने बुजवले, सारवली. पार्बताबाई गोवरीवर विस्तव घेऊन आली. म्हणाली की हा तुमचाच हाय, पोळ्याच्या दिवशी माही चूल इझली तवा माणिकबाईकून नेला होता, तवापासून इझू देल्ला नाही. माणिकबाईने दोन्ही हातांनी घेतला. बराच वेळ फुंकलं नाही, नुसती पाहत बसली.

मी म्हटलं, बघ, शेवटी तुझ्यासाठी मी सगळा कापूस बाहेर काढला.

“भाव पडला म्हून चूल पेटली,” ती म्हणाली, “मले काय ठाऊक नाही? पण पेटली.”

धूर छपरातून वर गेला. अंगणात उभा राहून पाहिला. गल्लीतले लोकही पाहत होते. डोळ्यांत पाणी आलं, आणि आज मिरची नव्हती. इतकं बरं मला अमरावतीच्या बाजारात कधी वाटलं नव्हतं.

ता. १० मे, बुधवार.

माणिकबाईची ऑर्डर. तेरा घरची भांडी तेरा घरी परत द्यायची, एकही रिकामं नाही, भाकरी मी थापायची आणि प्रत्येक दारात उभं राहून मी स्वतः सांगायचं की माझी बायको जिवंत आहे. मी सुचवलं की भांड्यांत उरलेला कापूस घालावा. तिने माझ्याकडे पाहिलं. सूचना मागे घेतली.

प्लॅन: सकाळी तेरा भाकरी, दुपारपर्यंत तेरा घरं.

ता. ११ मे.

एकवीस थापल्या, दोन गोल झाल्या. तवा, धूर, बोटं भाजणं याबद्दल पुस्तकात काही लिहिण्यासारखं नाही. दोन घरं झाली. खालच्या आळीतल्या म्हातारीला म्हटलं, आजी, माझी बायको जिवंत आहे. ती म्हणाली, “ते तं धुरावरून दिसलं. तुमी कसे हायत?”

ता. १५ मे, सोमवार. संध्याकाळ.

तेराही घरं झाली. चंद्रभानजींना निरोप पाठवला की भाचीचं दुसरीकडे पाहावं.

पण भांडं एक उरलं. कडीचा पितळी डबा. नत्थुजीला विचारलं, तो भाजीकडे पाहत राहिला. माणिकबाई भाकरी करत होती. तिला म्हटलं, बार्शीटाकळीची एक भाविक बाई दर बाजाराला मला जेवण पाठवायची, तिचं आहे, तिचा पत्ता काढायला हवा. आणि आता राग मानू नकोस, पण पिठलं करावं तर त्या बाईने. तुला चौदा वर्षांत तसं जमलं नाही. तिच्याकडून शिकून घे.

ती भाकरी उलटत होती. वर पाहिलं नाही. म्हणाली, “तुमाले तं वाचता येते. बुडाशी पाहा.”

डबा उलटा केला. लग्नात भांड्यांवर नाव घालतात तसं कोरलेलं होतं: खुशालराव, बार्शीटाकळी.

बराच वेळ तो डबा हातातच राहिला. गावात वाचता येणारा मी एकटा. मग विचारलं की हा परत करायचा तर रिकामा कसा पाठवणार, यात काय घालू?

ती म्हणाली, भाकरी नीट जमली की घाला, तोवर राहू द्या इथंच.

डबा फळीवर ठेवला. उद्या पहाटे उठून पीठ मळायचं आहे.